कादंबरीकाराची करुणा कोणत्या उंबऱ्यापाशी थांबली?

साहित्यिकांनी राजकारणात पडू नये, असा उपदेश आपल्याकडे दर साहित्य संमेलनाच्या तोंडावर नव्याने ऐकू येतो. संमेलनाच्या मांडवात पहिल्या रांगेत मंत्री बसलेले चालतात, निधीचे धनादेश चालतात, पण एखादा कवी जातीवर बोलला की लगेच 'इथे राजकारण नको'. मागे आमच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने आम्हाला कादंबरीवाचनावर बोलायला बोलावले होते. आदल्या संध्याकाळी फोन आला, "सर, कादंबऱ्यांवर बोला, पण राजकीय काही नको." आम्ही विचारले, "राजकीय नसलेली एक कादंबरी सांगा, तिच्यावर बोलतो." पलीकडून उत्तर आले नाही आणि कार्यक्रमही झाला नाही. तेव्हा जे बोलायचे होते, ते इथे लिहितो आहोत.

विषय आहे दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांचा. १९१८ ला पहिले महायुद्ध संपले, १९३९ ला दुसरे सुरू झाले. या काळात कादंबरीकार कुठे उभे होते, हा प्रश्न जगभर जर्मनीच्या संदर्भात विचारला जातो. आपण तो आधी तिथेच विचारू आणि मग आपल्या कोकणात आणू. रत्नागिरी जिल्ह्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागेल, कारण त्या वीस वर्षांतले मराठीतले निदान चार महत्त्वाचे कादंबरीकार या मातीशी जोडलेले आहेत. आणि त्याच वीस वर्षांत याच मातीतल्या अस्पृश्यांनी इतिहास घडवला.

जर्मनीत टॉमस मान आणि हाइनरिश मान हे दोन भाऊ होते, दोघेही कादंबरीकार. युद्ध सुरू झाले तेव्हा धाकटा टॉमस देशाच्या युद्धाच्या बाजूने उभा राहिला. १९१८ मध्ये त्याने एक जाडजूड पुस्तक लिहिले आणि शीर्षकातच स्वतःला 'अराजकीय माणूस' म्हटले. अराजकीय म्हणवणाऱ्या त्या पुस्तकात लोकशाहीला विरोध होता आणि युद्धाचे समर्थन होते. 'आम्ही राजकारण करत नाही' असे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा जे चालले आहे त्याचेच राजकारण करत असतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

थोरला हाइनरिश याच्या उलट. त्याची कादंबरी युद्ध संपल्यावर १९१८ मध्येच पुस्तकरूपाने आली. तिचा नायक वरच्यापुढे लाळ घोटतो आणि खालच्यावर गुरगुरतो. बादशहाची गाडी दिसली की धावत सुटतो, आणि स्वतःच्या कारखान्यातल्या कामगारापुढे मात्र स्वतःच बादशहा होतो. मित्रांनो, हा माणूस तुम्ही पाहिला आहे. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिच्या प्रत्येक पायरीवर हा माणूस बसलेला असतो. वरच्याची लाथ तो सहन करतो, कारण लाथ मारायला त्याच्याही खाली कोणीतरी ठेवलेले असते. हाइनरिश मानला जात माहीत नव्हती, पण जातीला लागणारा माणूस त्याने ओळखला होता.

पुढे टॉमस बदलला. १९२२ मध्ये त्याने जाहीर भाषण करून प्रजासत्ताकाची बाजू घेतली. १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळाले. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझींना १०७ जागा मिळाल्या, तेव्हा पुढच्याच महिन्यात त्याने बर्लिनमध्ये मध्यमवर्गाला सांगितले की, आता समाजवादी लोकशाहीवाद्यांबरोबर उभे राहा. सभेत नाझींनी गोंधळ घातला. १९३३ मध्ये तो देशाबाहेर गेला तो पुन्हा तिथे राहायला परतला नाही, आणि १९३६ मध्ये त्याचे नागरिकत्व काढून घेतले गेले. हाइनरिशला तर नाझींविरोधी पक्षांनी एकत्र यावे या आवाहनावर सही केल्यामुळे १९३३ च्या सुरुवातीलाच अकादमीतून बाहेर काढले होते.

पण जर्मनीतले सगळेच राजकीय कादंबरीकार या बाजूचे नव्हते. हान्स ग्रिम नावाच्या लेखकाची १९२६ ची कादंबरी होती, 'भूमीविना लोक' अशा अर्थाच्या नावाची. जर्मनांना जागा अपुरी पडते, त्यांना आणखी जमीन हवी, असे सांगणारी. तिचे शीर्षकच नाझींची घोषणा बनले आणि त्या घोषणेच्या पोटातून पुढे दुसऱ्यांच्या देशांवर रणगाडे गेले. म्हणून 'लेखकाने राजकीय भूमिका घ्यावी' एवढे म्हणून भागत नाही. भूमिका ग्रिमनेही घेतली होती. विचारायचे ते हे की भूमिका कोणाच्या बाजूची, आणि तिची किंमत कोणी मोजली.

१० मे १९३३ ला बर्लिनमध्ये आणि इतर विद्यापीठांच्या शहरांत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या. हाइनरिश मान, रेमार्क, केस्टनर यांची पुस्तके जाळली गेली. ओस्कार मारिया ग्राफ नावाचा एक लेखक होता, बेकरीवाल्याचा मुलगा. त्याची पुस्तके नाझींनी जाळली नाहीत, उलट वाचावीत म्हणून शिफारस केली. त्याला हा अपमान वाटला. दोनच दिवसांनी त्याने व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात जाहीर मागणी केली की माझीही पुस्तके जाळा. सत्तेने आपल्याला चांगले म्हणावे याचीच त्याला लाज वाटली. आज पुरस्कारासाठी ताटकळणाऱ्यांनी हा माणूस एकदा वाचावा.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ती आम्हाला व्हॉट्सॲपवर नेहमी ऐकवली जाते. 'पुस्तके नाझींनी जाळली आणि तुमच्या आंबेडकरांनीही जाळली, मग फरक काय?' फरक हा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती ज्यांना अक्षर शिकायची बंदी होती त्यांच्या परिषदेत. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता, ते जन्माने ब्राह्मण होते. त्या दहनाने एकाही लेखकाला परागंदा केले नाही, एकही ग्रंथालय रिकामे केले नाही, एकाही वाचकाच्या घरावर छापा घातला नाही. मनुस्मृती त्यानंतरही छापली जात राहिली, आजही विकत मिळते. बर्लिनची आग सत्तेने लेखकांना गप्प करण्यासाठी लावली होती. महाडची आग हजारो वर्षे गप्प ठेवलेल्यांनी, त्यांना गप्प ठेवणाऱ्या कायद्याला लावली होती. आणि परदेशी कपड्यांच्या होळीला देशभक्ती म्हणणाऱ्यांनी तरी या प्रतीकाचा अर्थ कळत नाही असे म्हणू नये. त्या परिषदेच्या भाषणात बाबासाहेबांनी महाडची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली होती. त्यांची नजर जगावर होती. त्याच दशकाच्या सुरुवातीला ते स्वतः जर्मनीत बॉन विद्यापीठात शिकण्याच्या इराद्याने गेले होते. युरोपात काय घडते आहे, ते त्यांना वर्तमानपत्रातून कळण्याची गरज नव्हती.

आता कोकणात येऊ.

भार्गवराम विठ्ठल वरेरकर, म्हणजे मामा वरेरकर, यांचा जन्म १८८३ चा, चिपळूणचा. पोस्टात नोकरी, मग नाटके आणि कादंबऱ्या. विशीच्या दशकातच अस्पृश्यतेवर 'तुरुंगाच्या दारात' हे नाटक त्यांनी रंगभूमीवर आणले. १९३३ च्या सुमारास आलेली त्यांची 'धावता धोटा' ही कादंबरी मुंबईच्या गिरणी कामगारांवर आहे. मराठी कादंबरी तोवर बहुतांशी दिवाणखान्यात बसून होती, तिला उठवून गिरणीच्या दारापर्यंत नेणाऱ्यांत वरेरकर पहिल्या रांगेत आहेत. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्या गिरण्यांत राबणारा मोठा हिस्सा आपल्याच जिल्ह्यातून बोटीने गेलेला होता.

पण धोटा म्हणजे काय, ते आजच्या तरुणांना सांगायला हवे. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. त्यातली कांडी संपली की नवी कांडी भरायची आणि तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचा. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागायची. म्हणून अस्पृश्यांना साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, प्रवेश नव्हता. त्यांच्या तोंडाचा धोटा स्पृश्य कामगार तोंडाला कसा लावणार? साळखात्यात पगार जास्त होता. आपले लोक रिंगखात्यासारख्या कमी पगाराच्या जागांवर अडकून राहिले. आमचे पणजोबा अशाच एका गिरणीच्या रिंगखात्यात आयुष्यभर राहिले. घरच्यांना एवढेच सांगत, 'तिकडे आपल्याला घेत नाहीत.'

ही बंदी मालकाने घातलेली नव्हती. ती कामगाराने कामगारावर घातलेली होती. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघड मांडला. एका वर्गाची घोषणा देता, मग साळखात्याच्या दारात तुमचा वर्ग कुठे जातो? पुढे १९३६ मध्ये त्यांनी जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे असे मांडले, त्याचा जिवंत पुरावा मुंबईच्या प्रत्येक गिरणीत होता. 'धावता धोटा' अवश्य वाचा. पण ज्या धोट्याचे नाव कादंबरीला दिले आहे, त्याला स्पर्श करायची आपल्या पणजोबांना बंदी होती, हे लक्षात ठेवून वाचा.

दुसरे नाव वि. स. खांडेकरांचे. १९२० पासून १९३८ पर्यंत ते शिरोड्याला शिक्षक होते. शिरोडे आज सिंधुदुर्गात आहे, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९३० मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. 'उल्का', 'दोन ध्रुव' या त्यांच्या १९३४ च्या कादंबऱ्या याच काळातल्या. गांधी आणि समाजवाद यांच्यामध्ये चालणारा, गरिबांसाठी कळवळणारा, ध्येयवादी तरुण हा त्यांचा नायक. ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणत होते, खांडेकर जीवनासाठी कला म्हणत होते. मराठीचे प्राध्यापक आजही या वादावर वीस गुणांचा प्रश्न काढतात. पण आमचा त्या वादात वेगळाच प्रश्न आहे. जीवनासाठी कला हे मान्य, पण कोणाच्या जीवनासाठी? खांडेकरांच्या जगाचे दोन ध्रुव श्रीमंत आणि गरीब हे होते. गावाच्या दोन टोकांना जे दोन ध्रुव होते, एकीकडे देऊळवाडी आणि दुसरीकडे आपली वाडी, त्यांच्यातले अंतर पैशाने मोजता येत नव्हते. पैसा आला तरी पाणवठा मिळत नव्हता.

तिसरे नाव घेताना आम्ही जरा थांबतो, कारण त्या नावाबद्दल आम्हाला आदर आहे. साने गुरुजी. जन्म १८९९, पालगड, दापोली तालुका. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही रात्रींत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रातल्या शाळा शिकलेल्या प्रत्येकाने तिच्यावर रडून घेतले आहे, आम्हीही. त्यात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या अस्पृश्य बाईची लाकडाची मोळी खाली पडते आणि विटाळाच्या भीतीने ती कोणी उचलून देत नाही. श्यामची आई श्यामला ती मोळी द्यायला सांगते, आणि मग आंघोळ करायला सांगते.

त्या काळातल्या ब्राह्मण घरात हे मोठे धाडस होते, यात शंका नाही. आमच्या अभ्यासवर्गात हा प्रसंग आम्ही वाचला, तेव्हा बारावीतल्या एका मुलीने विचारले, "त्या म्हातारीचे नाव काय होते?" एवढाच प्रश्न. वर्ग गप्प झाला. मोळी वाहणाऱ्या बाईची कथा ही नाही, मोळी उचलून देणाऱ्या मुलाच्या मनाची आहे. ती बाई त्या मुलाच्या चांगुलपणाला संधी देण्यापुरती येते आणि निघून जाते. आणि शेवटी आंघोळ राहतेच.

दुसरी गोष्ट. साने हे पालगडचे खोत घराणे. घराण्याची उतरती कळा, कर्ज, जप्ती यांचे दुःख त्या पुस्तकात काळीज पिळवटून टाकणारे आहे. पण खोती म्हणजे काय, हे ज्यांच्यावर खोती होती त्यांच्याकडून ऐकावे. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्या मधला वसुलीदार. सारा त्याने गोळा करायचा, आणि त्या जोरावर पिकाचा अर्धा वाटा, वेठ, भेट, काय वाटेल ते मागायचे. आमची आजी सांगायची, पहिली लावणी खोताची, पाऊस उरला तर आपली. खोताच्या घरचे लग्न म्हणजे आपल्या वाडीला आठवडाभर बिनपगारी काम. कुणबीही यात भरडला जात होता आणि आपले लोकही. फरक इतकाच की कुणब्याला खोताच्या अंगणात उभे राहता येत होते.

एप्रिल १९२९ मध्ये बाबासाहेब चिपळूणला आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बहिष्कृतांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि तिथे ते खोतीविरुद्ध बोलले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या आणि इतर भागांतल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला, त्यात कुणबी होते, महार होते, कम्युनिस्टही बरोबर होते. अस्पृश्य आणि स्पृश्य कुळे एका मागणीसाठी एकत्र चालली, आणि त्यांचा पुढारी आंबडवे गावच्या घराण्यातला होता. काँग्रेसचे सरकार होते, विधेयक मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ उजाडावे लागले.

पालगड दापोलीत, आंबडवे मंडणगडात. तालुके एकमेकांना लागून. एका गावातून खोताच्या घराण्याचा कोमल मनाचा कादंबरीकार निघाला, दुसऱ्या गावच्या घराण्यातून खोती मोडायला निघालेला माणूस. मराठी वाचकाला पहिल्या घरातले दुःख पाठ आहे. दुसऱ्या बाजूच्या कुळांच्या दुःखावर त्या वीस वर्षांत तितकी गाजलेली एकही कादंबरी आली नाही.

साने गुरुजी तिथेच थांबले नाहीत, हेही लिहिले पाहिजे. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर उघडले. टॉमस मान जसा १९१८ च्या पुस्तकापाशी थांबला नाही, तसेच. माणूस आणि लेखक बदलतो, आणि जो किंमत मोजून बदलतो त्याचा मान राखावा. पण त्याआधी बारा वर्षे, १९३५ मध्ये, येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केलेले होते. देवळाचे दार उघडेपर्यंत आपण त्या दारापासून पुढे निघून गेलो होतो. सहानुभूती नेहमी उशिरा पोहोचते, कारण ती दुसऱ्याच्या घरातून निघते.

चौथे नाव सावरकरांचे. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि राजकारणात भाग घ्यायची त्यांना बंदी होती. म्हणजे आमच्या त्या महाविद्यालयाची अट ब्रिटिश सरकारने आधीच घालून पाहिली होती. झाले काय? राजकारण लेखनात आणि देवळात गेले. त्यांनी शाळेत मुलांना एकत्र बसवण्यासाठी प्रयत्न केले, सहभोजने घातली, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले. ते नाकारायचे कारण नाही. पण मलबारच्या १९२१ च्या मोपला उठावावर त्यांनी कादंबरी लिहिली. त्या उठावात हिंदूंवर अत्याचार झाले, ते बाबासाहेबांनीही कठोर शब्दांत नोंदवले आहे. मात्र मलबारात जमीनदार आणि कुळे हाही प्रश्न होता, जसा तो कोकणात होता. सावरकरांच्या कादंबरीचा रोख हिंदू संघटनेवर आहे. अस्पृश्याला जवळ घ्यायचे ते कशासाठी? तो माणूस आहे म्हणून, की दुसऱ्या धर्माविरुद्ध संख्या हवी म्हणून? ग्रिमच्या कादंबरीने जर्मनांना जो धडा दिला, तो इथेही लागू आहे. कादंबरी शत्रू निर्माण करू शकते, आणि शत्रू सापडला की खोत विसरला जातो.

त्या काळात जातीच्या प्रश्नाला थेट हात घालणारेही होते, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेत जातीच्या इतिहासावर प्रबंध लिहिला होता, आणि १९१६ च्या आपल्या कोलंबियातल्या निबंधात बाबासाहेबांनी त्याची दखल घेतली होती. त्यांच्या पत्नी शीलवती या जन्माने जर्मन ज्यू. त्यांची 'ब्राह्मणकन्या' ही १९३० ची कादंबरी जातिबाह्य ठरवलेल्या मुलीचे आयुष्य मांडते. विभावरी शिरूरकरांना १९३३ मध्ये टोपणनावाने लिहावे लागले, इतका समाज स्त्रीच्या सत्याला घाबरत होता. पुढे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केल्यावर त्यांनी 'बळी' लिहिली, ती १९५० ची. म्हणजे पाहणारा डोळा हवा असेल तर जिथे माणसे राहतात तिथे जाऊन राहावे लागते.

मग प्रश्न येतो, आपल्या लोकांनी त्या वीस वर्षांत कादंबरी का लिहिली नाही? समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द शिकवला गेला. त्याचा अर्थ पुस्तकात कळला नाही तेवढा इथे कळतो. कादंबरीला काय लागते? शाळा लागते, आणि आपली मुले वर्गाबाहेर बसत होती. कागद लागतो, दिवा लागतो, रिकामा वेळ लागतो, प्रकाशक लागतो, विकत घेणारा वाचक लागतो. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाले ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने, आणि पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, तेव्हा चोवीस रकाने ते एकटे भरत होते. १९३० पासून 'जनता'. ज्या समाजाला स्वतःचे साप्ताहिक चालवताना नाकी नऊ येत होते, त्याला चारशे पानांची कादंबरी कोण छापून देणार?

पण लिहिले नाही म्हणजे सांगितले नाही, असे नाही. आपल्याकडे लिहिण्याची परंपरा कादंबरीच्या आधीची आहे. गोपाळबाबा वलंगकरांनी लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला राहताना १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिले, तेव्हा बाबासाहेबांचा जन्मही झालेला नव्हता. तिशीच्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गावोगाव फिरले. महाडचा सत्याग्रह, देवळाचा सत्याग्रह, सावकाराचे कर्ज, हे सगळे डफ-ढोलकीवर लोकांपुढे उभे राहिले. तिकीट नाही, अक्षरओळख नको. जर्मन कादंबरीकाराचा वाचक पुस्तक मिटून झोपायला जात असे. जलशाचा श्रोता दुसऱ्या दिवशी मेलेले ढोर ओढायला नकार देत असे. साहित्याची राजकीय बांधिलकी मोजायची असेल तर हेही माप लावा.

आणि तरीही आमचे म्हणणे आहे की जलसा आणि लेख पुरेसे नाहीत. कादंबरी हवी आहे. कारण लेख मुद्दा सांगतो, जलसा अंगात बळ आणतो, पण एका माणसाची सकाळ, त्याची बायको, त्याचा खोताशी झालेला व्यवहार, मोर्चाला जायला बोटभाडे कुठून आणले, परतल्यावर गावाने काय केले, हे सगळे धरून ठेवते ती कादंबरी. १९३८ च्या मोर्चाला गेलेली माणसे आता राहिली नाहीत. त्यांना पाहिलेली, त्यांच्याकडून ऐकलेली माणसे अजून आहेत, ऐंशीच्या घरातली. आमच्या कामाच्या निमित्ताने आम्ही वाड्यावाड्यांतून फिरतो, तेव्हा अशी दोनचार माणसे दरवर्षी कमी झालेली असतात. त्यांच्याबरोबर खोताचे नाव जाते, वेठीचा हिशोब जातो, कोणत्या विहिरीवर काय घडले ते जाते. हे साहित्याचे नुकसान आहेच, पुराव्याचेही आहे. जमिनीच्या वादात आजही कोकणातल्या अनेक बौद्धवाड्यांना आपली वहिवाट सिद्ध करताना घाम फुटतो.

म्हणून तरुण मित्रांना आमचे तीन सांगणे आहे. पहिले, त्या काळच्या कादंबऱ्या फेकून देऊ नका, वाचा. वरेरकर वाचा, खांडेकर वाचा, साने गुरुजी वाचा, जमेल तर मान बंधूही वाचा. शत्रू समजून वाचू नका आणि भक्त होऊनही वाचू नका. प्रत्येक कादंबरीला तीन प्रश्न विचारा. यात श्रम कोणाचे आहेत? यात नाव कोणाला आहे? आणि यात बदल कोणाच्या हातून घडतो, देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या? दुसरे, या पावसाळ्यात वाडीतल्या एका म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, मोबाईलवर त्याचे बोलणे टिपून घ्या, आणि ते त्याच्याच बोलीत कागदावर उतरवा. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका. तिसरे, 'राजकीय काही नको' असे जो म्हणेल, त्याला नम्रपणे विचारा की मग आता जे चालू आहे ते काय आहे?

त्या म्हातारीचे नाव विचारणाऱ्या मुलीने आता एक वही केली आहे. तिच्या वाडीतल्या बायकांची नावे ती त्यात लिहिते आहे, कोण कोणत्या खोताकडे राबली, कोणाची जमीन कशी गेली, असे. अजून ती कादंबरी नाही. पण त्या वहीत प्रत्येक बाईला नाव आहे.

जय भीम.